चंद्राची वावडी

मलेशियाचे विमान मुंबईच्या विमानतळावर उभे असते, तेव्हा त्याच्या शेपटीवर पंख पसरलेला एक आकार दिसतो. कुणाला तो मासा वाटतो, कुणाला पाखरू. वास्तविक तो आहे पतंग! १९७२ साली या देशाने आपली स्वतंत्र विमान कंपनी सुरू केली, तेव्हा उड्डाणाचे चिन्ह म्हणून त्यांना गरुड आठवला नाही, हंस आठवला नाही. केलंतान प्रांतातल्या शेतकऱ्यांचा कागदी पतंग आठवला. पुढे १९८९ साली नवी नाणी निघाली, त्यांतल्या पन्नास सेनच्या नाण्यावरही तोच जाऊन बसला. त्याच मालिकेत पाच सेनच्या नाण्यावर भोवरा आहे आणि वीस सेनच्या नाण्यावर चक्क पानाचा डबा! ज्यांच्या टांकसाळीत पतंग, भोवरा आणि पानाचा डबा अशी मंडळी मानाने बसतात, त्या लोकांशी आपले जमणार, असे माझ्या मनाने तेव्हाच घेतले होते.

या पतंगाला मलाय भाषेत 'वाऊ' म्हणतात. मी मूळचा कोकणातला. आमच्या लहानपणी मोठ्या पतंगाला 'वावडी' म्हणत. शहरात आल्यावर वावडी गेली आणि नुसत्या 'वावड्या' उरल्या, त्याही वर्तमानपत्रांतून उडणाऱ्या! तेव्हा वाऊ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला आणि कान टवकारले गेले. पण या साम्यावरून कुणी नात्याची गाठ मारू नये. मलाय लोक त्याची निराळीच उपपत्ती सांगतात. त्यांच्या भाषेची जुनी लिपी अरबी वळणाची. तिच्यातल्या 'वाव' या अक्षराला जो बाक असतो, तसाच या पतंगाच्या पंखाला असतो, म्हणून तो वाऊ. देशाच्या दक्षिणेकडे गेलात तर पतंगाला 'लायांग-लायांग' म्हणतात. वाऊ हा शब्द उत्तरेचा आणि ईशान्य किनाऱ्याचा.

माझी लेक आणि जावई क्वालालंपूरला असतात. सासऱ्याने दोन महिने घरात बसून काय करायचे, असा प्रश्न जावईबापूंना पडला असावा. त्यांनी मला केलंतानच्या विमानात बसवून दिले. तासाभराचा प्रवास. राजधानी कोटा भारू. थायलंडची सरहद्द तिथून हाकेच्या अंतरावर. एप्रिल महिना होता. नोव्हेंबरपासून झोडपणारा ईशान्येचा पाऊस कधीच थांबला होता, आणि आकाश असे स्वच्छ होते की, पतंगवाल्याने हेवा करावा.

कोटा भारूपासून एक रस्ता समुद्राकडे जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना बाटिक छापणाऱ्यांची, जरीचे सोंकेत विणणाऱ्यांची आणि वाऊ करणाऱ्यांची घरे आहेत. रस्ता ज्या किनाऱ्याला मिळतो, त्याचे जुने नाव 'पांताई चिंता बराही'. पांताई म्हणजे किनारा. पुढचे दोन शब्द संस्कृताच्या घरचे, पण परदेशी जाऊन पार बदललेले. 'चिंता' म्हणजे मलायमध्ये प्रेम! आणि 'बराही' हा आपला 'विरही'. प्रेमाला चिंता म्हणणाऱ्या या भाषेच्या अनुभवाला माझा नमस्कार असो. पुढे हे नाव जरा जास्तच रंगेल वाटले म्हणून किनाऱ्याचे बारसे पुन्हा झाले: 'पांताई चहाया बुलान', चांदण्याचा किनारा. हा 'चहाया' म्हणजे आपली 'छाया', आणि तिचा तिथला अर्थ प्रकाश! एका रस्त्याच्या पाटीवर इतके संस्कृत वाचून मी जरा चक्रावलोच.

याच रस्त्यावरच्या एका लाकडी घराच्या अंगणात मी चार दिवस बसलो. घरधनी सत्तरीच्या पुढचे. मलाय रिवाजाप्रमाणे वयाने मोठ्या माणसाला 'पाकचिक' म्हणजे काका म्हणायचे. मीही तेच म्हणत होतो. ते मला 'एन्चिक' म्हणजे साहेब म्हणत. आमच्यामध्ये दुभाषी त्यांची भाची. ती तिथल्या महाविद्यालयात शिकत होती आणि तिचे इंग्रजी माझ्यापेक्षा स्वच्छ होते.

अंगणात बांबूच्या कामट्या, दोऱ्याची रिळे, खळीचे भांडे, चकचकीत रंगीत कागदांची भेंडोळी. भिंतीशी निरनिराळे वाऊ टेकवलेले. 'वाऊ मेराक' हा मोर. 'वाऊ कुचिंग' हे मांजर. मागून पाहिले तर बसलेल्या मांजरासारखे दिसते म्हणून ते मांजर, असे कुणी म्हणतात, तर कुणी म्हणतात, त्याचा आवाज मांजराचा. एकाचे नाव 'जाला बुदी'. म्हणजे आपलेच 'जाल' आणि आपलीच 'बुद्धी'. फक्त मलाय बुदी ही डोक्यापेक्षा अंतःकरणात अधिक राहते, तिचा अर्थ सौजन्य. आणि या सगळ्यांचा राजा 'वाऊ बुलान', म्हणजे चंद्राचा पतंग. वर दोन्ही टोकांना निमुळता होत गेलेला लांब पंख आणि खाली शेपटीच्या जागी चंद्राची कोर. पूर्ण मापाचा वाऊ बुलान अडीच मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच असतो. आपल्या संक्रांतीच्या पतंगांचा अख्खा गठ्ठा त्याच्या पंखाखाली झोपेल.

तो करायला पंधरवडा लागतो. आधी बांबू. तो जून हवा आणि पुरता वाळलेला हवा. नाहीतर वर्षाच्या आत पोखरला जातो. त्याच्या कामट्या काढून तासायच्या. कण्याची कामटी जाड, पंखांची टोकाकडे बारीक होत गेलेली. डावा पंख आणि उजवा पंख यांत वजनाचा फरक राहिला, तर पतंग आकाशात कलता होऊन गिरक्या घेतो. म्हणून पाकचिक प्रत्येक कामटी दोऱ्यावर मधोमध टांगून पाहत आणि जड बाजूचा एक पापुद्रा काढून पुन्हा टांगत. पुन्हा एक पापुद्रा, पुन्हा टांगणे. एका कामटीपायी त्यांनी माझ्यासमोर पाऊण तास घालवला, आणि तेवढ्यात माझा चहा तीनदा आला. पतंगाच्या डोक्याला ते 'कपाला' म्हणतात, म्हणजे आपले कपाळ. आणि आपण जिला कन्नी म्हणतो, ती दोरीची बांधणी तिथे 'तराजू'! नाव किती नेमके! कन्नी हा पतंगाचा तराजूच की!

मग कागद. सांगाड्यावर आधी साधा कागद ताणून चिकटवतात आणि त्याच्यावर रंगीत कागदांची नक्षी. ती रंगवायची नसते, कातरायची असते. कागदाची घडी घालून धारदार पातीने वेल कापायचा, म्हणजे उलगडल्यावर डावी-उजवीकडे तंतोतंत सारखा येतो. मध्यावर फूल, त्यातून निघालेली वेल पंखांच्या टोकापर्यंत वळत वळत गेलेली. एका रंगावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा थर. माणूस नाही, पशू नाही, पाखरू नाही; इस्लामी वळणाची ही कला सगळा जीव पानाफुलांत ओतते. या वेलबुट्टीला ते जे नाव देतात, त्याचा अर्थ वाहत जाणारे ढग. भाचीचा हात या कामात मामाच्याही पुढे गेला होता. तिने कातरलेली वेल मी उजेडासमोर धरून पाहिली. आपल्याकडच्या जुन्या पैठणीच्या पदरावर नजर फिरवावी, तसे झाले.

परंतु नक्षी म्हणजे वाऊ नव्हे, हे मला दुसऱ्या दिवशी कळले.

त्या दिवशी एक मध्यमवयीन जर्मन जोडपे आले. अशा पाहुण्यांसाठी तासाभराची शिकवणी असते. हातभर लांबीचा तयार सांगाडा पुढ्यात ठेवतात, पाहुण्याने त्यावर नक्षी चिकटवायची आणि आपला वाऊ घरी न्यायचा. दोघांनी मन लावून काम केले. बाईंचा वाऊ तर सुरेख झाला. पाकचिकनी वरच्या बाजूला एक लहानशी धनुकली बांधायला घेतली, तेव्हा साहेब म्हणाले, "ती नको. पेटीत मावणार नाही. शिवाय भिंतीवर लावायचा आहे." पाकचिकनी धनुकली खाली ठेवली आणि हसतमुखाने एक लांब वाक्य उच्चारले. भाचीने भाषांतर केले, "मामा म्हणतात, भिंतीवर फार शोभून दिसेल." मंडळी खूश होऊन गेली. ती गेल्यावर मी तिला विचारले, "मामा खरोखर काय म्हणाले?" तिने जीभ चावली. "ते म्हणाले, हे चित्र झाले. भिंतीवर खुशाल लावा, छान दिसेल. वाऊ म्हणू नका म्हणजे झाले."

ती धनुकली म्हणजे 'बुसुर'. बांबूचे किंवा वेताचे लवचीक धनुष्य आणि दोरीच्या जागी ताडाच्या जातीच्या झाडाच्या पानाची ताणलेली पातळ पट्टी. वाऊच्या माथ्यावर ती आडवी बांधतात. वारा लागला की पट्टी थरथरते आणि आकाशातून घुमणारा आवाज येतो. लांबून ऐकला तर देवळातला तंबोरा लागल्यासारखा वाटतो. भातकापणी झाली की शेतकरी वाऊ उडवायचे आणि रात्री दोरी झाडाला बांधून घरी जायचे. वाऊ वरती रात्रभर घुमत राहायचा आणि गाव त्याच्या आवाजात झोपायचे. त्या आवाजाने भातावरची पाखरे दूर राहतात, असेही सांगतात. जुनी माणसे रात्रीच्या घुमण्यावरून उद्याचे हवामान सांगत. केलंतानच्या शर्यतींत आजही वाऊला तीन कसोट्या लागतात: किती उंच आणि किती डोक्यावर सरळ जातो, दिसतो कसा, आणि गातो कसा. कापाकापी हे वाऊचे काम नव्हे.

याचा अर्थ मलाय लोकांना काटाकाटी ठाऊक नव्हती, असे मात्र नाही. मलाक्काच्या सुलतानांची हकिगत सांगणाऱ्या 'सेजाराह मलायू' या जुन्या ग्रंथात एक मजेदार प्रसंग आहे. राजपुत्राचा भला थोरला पतंग सगळ्यांचे पतंग कापीत सुटतो; मग दरबारातला एक गडी काच लावलेल्या दोरीवर लहानसा पतंग चढवतो आणि राजपुत्राचाच कापतो. म्हणजे मांजाच तो! आपल्याकडे याच मांजाने नायलॉनचे रूप घेऊन पाखरांचे आणि माणसांचे गळे कापायला सुरुवात केली, तेव्हा २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाला देशभर बंदी घालावी लागली. असो.

वाऊ कुठून आला, याची एक गोष्ट मला दुपारच्या जेवणाला ऐकायला मिळाली. जेवणात निळा भात होता. केलंतानचा हा 'नासी कराबू'. आपल्या गोकर्णीच्या फुलांनी भात निळा करतात. पाकचिकच्या पत्नी, म्हणजे 'माकचिक', वाढता वाढता सांगत होत्या. एका गरीब शेतकऱ्याला रानात एक लहान मुलगी सापडली. त्याने तिला घरी आणले आणि त्या वर्षापासून शेत असे पिकू लागले की विचारू नका. पोर मोठी झाली, रूपवान निघाली. शेतकऱ्याच्या बायकोच्या मनात मत्सर शिरला. तिने तिला घराबाहेर घालवले. पुढच्या हंगामात भात करपला. मांत्रिकाने सांगितले, अरे, ती तर भाताचा प्राण होती! आता तिला रिझवायचे असेल तर वाऊ करून आकाशात सोड. तेव्हापासून कापणी झाली की वाऊ उडू लागला. सांगून झाल्यावर माकचिक म्हणाल्या, "या जुन्या लोकांच्या गोष्टी. आम्ही मुसलमान, आम्ही काही त्या मानत नाही," आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

हे शेवटचे वाक्य नुसते सहज आलेले नव्हते. केलंतानमध्ये माक योंग नावाचे नृत्यनाट्य आहे. त्यातल्या एका प्रसिद्ध कथेत देवा मुदा नावाचा राजकुमार पतंगाच्या आधाराने देवलोकी जातो आणि तिथल्या राजकन्येला भेटतो. १९९१ साली राज्य सरकारने धर्माला धरून नाही म्हणून माक योंगच्या जाहीर प्रयोगांवर निर्बंध घातले. २००५ साली युनेस्कोने त्याच माक योंगला मानवजातीचा अमोल ठेवा म्हणून गौरवले. २०१९ साली काही अटी घालून राज्याने निर्बंध सैल केले. मधल्या अठ्ठावीस वर्षांत नाटकातला पतंग बंद आणि शेतातला पतंग चालू, अशी स्थिती होती. वाऊ बिचारा कागद-बांबूचा. त्याच्या तोंडी संवाद नाहीत, म्हणून तो वाचला असे मला वाटते.

पण त्याच्यावर निराळी संकटे आली. कालव्याचे पाणी आले, वर्षाला दोन पिके निघू लागली, तेव्हा कापणीनंतर रिकामे पडणारे शेत राहिले नाही. विजेच्या तारा आल्या. पाकचिकचे दोघे मुलगे क्वालालंपूरला नोकरीला आहेत. मोठा वाऊ वर्षातून चार-सहाच विकले जातात. घर चालते ते हातभर लांबीच्या, भिंतीवर लावायच्या वाऊंवर. मी त्यांना विचारले, "या चित्रांचा राग नाही येत?" ते म्हणाले, "राग कशाचा? धाकटा भाऊ दुकानात बसतो, म्हणून थोरल्याला आकाशात हिंडता येते."

दक्षिणेला जोहोर राज्यात पासिर गुदांग म्हणून कारखान्यांचे एक शहर आहे. तिथे १९९५ पासून जगभरच्या पतंगवाल्यांचा उत्सव भरतो, पतंगांचे संग्रहालयही आहे. आपल्या अहमदाबादच्या उत्सवाला मलेशियाची मंडळी येतात, तसाच हा प्रकार. नायलॉनचे हत्तीएवढे मासे आणि अष्टपाद जलचर हवेत डुलत असतात. त्यांच्यामध्ये वाऊ लहान दिसतो. पाकचिक तिथे एकदा जाऊन आले होते. मत विचारले तेव्हा म्हणाले, "मोठे आहेत. पण मुके आहेत."

आता मूळ गोष्टीकडे वळतो. पाकचिकचा उजवा हात दोन वर्षांपासून थरथरतो. कामट्या तासता येतात, पण बुसुरची पट्टी होत नाही. ती चाकूने खरवडत खरवडत इतकी पातळ करायची असते की, बोटांना कळावे आणि डोळ्यांना कळू नये. थोडी जाड राहिली तर मुकी, थोडी पातळ झाली तर फाटते. हे काम त्यांच्या घरात दुसऱ्या कुणाला येत नव्हते. आणि ते शिकायला कोण बसले होते? एक जपानी मुलगी! जपानी पतंगांनाही घुमणारी पट्टी लावायची रीत आहे. तिच्या आजोबांच्या पतंगांना ती असे, म्हणून ती इथवर आली होती. तिला मलाय येत नव्हती, पाकचिकना जपानी येत नव्हती. दहा दिवस ती रोज सकाळी यायची, चटईवर बसायची आणि पट्ट्या फाडायची. पाकचिक फाटलेली पट्टी कानाशी धरून टिचकी मारत आणि मान हलवत. एवढीच त्यांची भाषा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारचे एक वृद्ध गृहस्थ आले. तेही जुने वाऊवाले, पाकचिकचे शर्यतीतले प्रतिस्पर्धी. मुलीच्या हातात चाकू पाहून त्यांचा चेहरा बदलला. दोघा म्हाताऱ्यांत बराच वेळ हळू आवाजात बोलणे चालले, मग आवाज चढला. भाची मला कुजबुजत सांगत होती. ते म्हणत होते, "पाहुण्यांना चहा द्यावा, कागद कातरू द्यावा. बुसुर हे घरातले. ते परक्या देशात जायचे, आणि उद्या आपल्या नातवंडांनी ते तिकडून शिकायचे काय?" पाकचिक काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुझा नातू चौदा वर्षांचा आहे ना? पाठव. उद्यापासून." गृहस्थ उठले आणि चहा न घेता निघून गेले. मुलगी खाली मान घालून पट्टी खरवडत होती. शब्द कळले नसले तरी कशाबद्दल चालले आहे, हे तिला कळले असावे. तिने ती पट्टी फाडली.

मला त्या गृहस्थांचा राग आला नाही. त्यांचे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नव्हते. आपल्याकडच्या कितीतरी विद्या परदेशी पाहुण्यांनी वहीत टिपून नेल्या आणि आपल्याला त्या वाचायला परदेशी ग्रंथालयांत जावे लागते. पण वही घेऊन येणारा पाहुणा निराळा आणि चटईवर दहा दिवस पट्ट्या फाडणारा निराळा, एवढे मात्र मी पाकचिकच्या बाजूने म्हणेन.

चौथ्या दिवशी दुपारी मुलीची पट्टी जमली. पाकचिकनी टिचकी मारली आणि मान हलवली नाही. आम्ही सगळे समुद्राकडच्या मोकळ्या जागी गेलो. मोठ्या वाऊला दोन माणसे लागतात: एकाने दूर जाऊन वाऊ उभा धरायचा, दुसऱ्याने दोरी. भाचीने वाऊ धरला, दोरी पाकचिकच्या हातात. वारा आला, त्यांनी एक झटका दिला आणि तो प्रचंड चंद्र अंगावरून गेल्यासारखा वर चढला. पहिली काही क्षणे नुसता कागदाचा फडफडाट. मग तो स्थिरावला आणि वरून आवाज सुरू झाला, आधी घोगरा, मग भरलेला, सलग. मुलीने दोन्ही हात तोंडावर धरले. रस्त्यावरून सायकलीने जाणारी शाळकरी पोरे थांबली. पाकचिकनी दोरी तिच्या हाती दिली.

अंधार पडायच्या सुमारास घरी परतलो, तर अंगणात ते कालचे गृहस्थ बसलेले. शेजारी चौदा वर्षांचा नातू, नवा सदरा घातलेला, चेहऱ्यावर जबरदस्तीने आणल्याचा भाव. गृहस्थांनी कुणाकडे पाहिले नाही. पाकचिकही काही बोलले नाहीत. त्यांनी पानाची एक पट्टी आणि एक चाकू काढून पोराच्या पुढे ठेवला आणि मुलीकडे हनुवटीने खूण केली. ती चटईवर बसली, पोराचा अंगठा धरून तिने चाकूच्या पात्याला कसा टेकवायचा ते दाखवले. पोराने पहिल्याच फटक्याला पट्टी फाडली. गृहस्थ ओरडले. मुलगी हसू लागली, आणि तिने आपल्याजवळच्या फाटक्या पट्ट्यांची पिशवी त्या पोरापुढे उपडी केली.